'तुम्ही बसमध्येच बसा' हे वाक्य सोडा: मॉरिशसला सहली नेणाऱ्यांना खुले पत्र

मॉरिशसच्या सहली आखणाऱ्या आणि नेणाऱ्या सर्व मराठी आयोजकांना आणि सहल व्यवस्थापकांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मॉरिशस सहलींचे कार्यक्रम मी हौसेने वाचते. एक दिवस उत्तर दर्शन, एक दिवस दक्षिण दर्शन, इल ओ सर्फचं बेट, शामारेलची सात रंगांची माती, गंगा तलावाकाठची १०८ फुटी शंकराची मूर्ती, पोर्ट लुईच्या बंदरावर खरेदी. यातलं काहीही कमी करा असं मी म्हणत नाही. पण माहेबूरचं राष्ट्रीय इतिहास संग्रहालय या कार्यक्रमांत मला फार क्वचित दिसतं, आणि दिसलंच तर पुढे 'वेळ मिळाल्यास' असं लिहिलेलं असतं.

मी शाळेत इतिहास शिकवायचे. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे कॅलिपर आणि कुबड्या वापरते आणि अंतर लांबचं असलं की चाकाची खुर्ची घेते. मला मॉरिशसला जायचं आहे आणि हे संग्रहालय नीट, निवांत पाहायचं आहे. त्यासाठी तुमच्यापैकी काहींना फोन केले, ईमेल पाठवल्या. एकाने सांगितलं, "मॅडम, तिथे काही नाही हो, जुन्या वस्तू ठेवल्यात. तुम्हाला उगाच चढउताराचा त्रास. आमची मंडळी वीस मिनिटांत पाहून येतील, तुम्ही बसमध्येच बसा, एसी चालू ठेवायला सांगतो." बोलणारा माणूस मनाने चांगला होता, आवाजात काळजीही होती. पण पूर्ण पैसे भरून परदेशी जाणाऱ्या प्रवाशाला बसच्या काचेतून इतिहास दाखवायचं त्याने मला न विचारता ठरवून टाकलं, आणि तेही तिथे किती पायऱ्या आहेत याची चौकशी न करता. माझ्यासारखं उत्तर मिळालेली माणसं बरीच आहेत. गुडघे गेलेले आजोबा, पक्षाघातानंतर काठी धरून चालणाऱ्या मावशी, दिसत नसलेला तरुण. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आधी 'तिथे काही नाही' याबद्दल.

माहेबूर हे बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरचं गाव. समोरच्या ग्रां पोर्टच्या उपसागरात १५९८ साली डच जहाजं आली, आणि त्यांच्या राजपुत्राच्या, मॉरित्सच्या, नावावरून बेटाला आजचं नाव मिळालं. ऊस या बेटावर उगवत नव्हता. डचांनीच तो जावाहून १६३९ मध्ये आणला. पुढे लाखो माणसांचं नशीब त्या उसाला बांधलं गेलं, त्यात आपल्या कोकणातली माणसंही होती. डच १७१० मध्ये बेट सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि बेटाचं नाव 'इल द फ्रांस' केलं. संग्रहालय आहे ते घरही त्याच फ्रेंच काळातलं, रोबियार कुटुंबाचं, दोन मजली, झाडांच्या मोठ्या आवारात.

या घराची एक गोष्ट मला फार ओढून नेते. ऑगस्ट १८१० मध्ये या उपसागरात इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची लढाई झाली. सिरियस आणि मॅजिसियन ही दोन इंग्रज जहाजं प्रवाळाच्या खडकांवर रुतली आणि शेवटी त्यांच्याच खलाशांनी ती पेटवून दिली. लढाई फ्रेंचांनी जिंकली. पॅरिसच्या विजय कमानीवर जी नावं कोरली आहेत, त्यांत या लढाईचं नाव आहे. फ्रेंचांचा सेनानी द्युपेरे जखमी झाला. इंग्रजांच्या नेरीड जहाजाचा कप्तान विलोबी याचा एक डोळा लाकडाच्या कपचीने गेला. आणि या दोघांना, म्हणजे दोन शत्रूंना, उपचारासाठी याच घरात आणलं गेलं, एकाच छपराखाली. काही महिन्यांतच इंग्रज मोठी फौज घेऊन परतले. तिच्यात हिंदुस्थानातून नेलेले शिपाईही होते. डिसेंबर १८१० मध्ये बेट इंग्रजांकडे गेलं.

जखमी शरीरांना ज्या घराने जागा दिली, तिथे आज कुबड्या घेऊन येणाऱ्या प्रवाशाला बाहेर थांबायला सांगणं मला सहन होत नाही.

आत काय आहे म्हणाल, तर 'सें जेराँ' या जहाजाची घंटा आहे. हे फ्रेंच जहाज १७४४ च्या ऑगस्टमध्ये बेटाच्या ईशान्येला प्रवाळावर आपटून बुडालं, आणि त्याची घंटा १९६६ मध्ये समुद्राच्या तळातून वर काढली गेली. दोनशेहून अधिक वर्षं पाण्याखाली राहिलेली घंटा पाहायला मी बस सोडून नक्की उतरेन. डोडो पक्ष्याची हाडं आहेत. डोडो म्हणजे या बेटावरचा उडता न येणारा, सतराव्या शतकात नामशेष झालेला पक्षी. मार ओ सोंज या पाणथळ जागेत १८६५ साली त्याची हाडं मोठ्या संख्येने सापडली. ती जागा माहेबूरपासून फार लांब नाही आणि त्या शोधामागे असलेले जॉर्ज क्लार्क हे माहेबूरमधलेच शाळामास्तर होते. एका शिक्षकाच्या चिकाटीमुळे जगाला डोडोचा सांगाडा कळला, ही गोष्ट प्रवाशांना सांगायला किती वेळ लागतो? आणि ती ऐकल्यावर, तुमच्या सहलीत सगळीकडे विकायला ठेवलेल्या त्या लाकडी डोडोंकडे माणूस वेगळ्या नजरेने पाहील की नाही?

आपल्या माणसांचा धागाही याच इतिहासात आहे. गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ पासून, उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर आणायला सुरुवात झाली होती. १९२० पर्यंत सुमारे पाच लाख माणसं हिंदुस्थानातून तिथे उतरली. त्यांतली मुंबई बंदरातून गेलेली बरीच रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाकडची. त्यांची पाचवी-सहावी पिढी आज तिथे आहे, शाळांतून मराठी शिकते आहे, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. तुम्ही मराठी प्रवाशांना तिथे नेता. आपली माणसं कुठल्या बेटावर, कोणाच्या नंतर, कशासाठी आणली गेली याचा आधीचा भाग जिथे मांडलेला आहे, तिथे नेत नाही. शक्य झालं तर पोर्ट लुईचा आप्रवासी घाटही त्याला जोडा. मजूर बोटीतून उतरून ज्या पायऱ्या चढले त्या पायऱ्या तिथे जपल्या आहेत आणि २००६ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे.

अडचण वेळेची आहे, असं तुम्ही म्हणाल. ती इथे लागू होत नाही. देशाचा आंतरराष्ट्रीय विमानतळ प्लेझांसला आहे, माहेबूरपासून गाडीने अगदी थोड्या अंतरावर. परतीचं विमान दुपारनंतरचं असेल तेव्हा हॉटेल सोडल्यावर मंडळी कुठल्यातरी दुकानात ताटकळतात. तो वेळ या घराला द्या. फक्त त्या दिवशी संग्रहालय उघडं आहे ना, हे कार्यक्रम छापण्याआधी पाहा.

आता माझ्या मुख्य मागणीकडे येते.

तुमच्या नोंदणी अर्जात एक ओळ असते: 'व्हीलचेअर हवी का? होय / नाही.' या प्रश्नावर तुम्हाला काहीच कळत नाही आणि मला काहीच सांगता येत नाही. विमान कंपन्या हाच प्रश्न कसा विचारतात ते तुम्ही रोज पाहता. तिकिटावर तीन वेगवेगळ्या खुणा घालता येतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या चढता येत नाहीत पण विमानात आसनापर्यंत जाता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे आसनापर्यंतही मदत लागते. या खुणा तुमचीच माणसं तिकीट काढताना भरतात. मग विमानातून उतरल्यावर ती माहिती जाते कुठे? तीच तिन्ही उत्तरं सहल व्यवस्थापकाच्या वहीत हवीत, आणि त्यांच्या जोडीला आणखी काही: सलग किती वेळ उभं राहता येतं, पायरी चढताना कठडा उजव्या हाताला लागतो की डाव्या, खुर्ची घडीची आहे की बॅटरीची, शौचालयात मदत लागते का, सोबत कोणी आहे का. बॅटरीची खुर्ची असेल तर विमान कंपनीला बॅटरीचा प्रकार आधीच कळवावा लागतो. ते शेवटच्या दिवशी विमानतळावर उघडकीला येऊ नये.

विचारताना संकोच वाटतो, असं एका व्यवस्थापकाने मला सांगितलं. मी तुम्हाला मनापासून सांगते, आम्हाला प्रश्नांचा राग येत नाही. न विचारता आमच्या वतीने निर्णय घेतला जातो तेव्हा वाईट वाटतं.

प्रवाशाची माहिती झाली की जागेची माहिती लागते. मॉरिशसमध्ये तुमचा स्थानिक प्रतिनिधी असतोच. त्याला एकदा मोजपट्टी घेऊन माहेबूरला पाठवा. फोनवर 'ॲक्सेसिबल आहे का' विचारून 'हो हो' ऐकण्यात अर्थ नाही, कारण त्या 'हो'मध्ये प्रत्येकाचं मोजमाप वेगळं असतं. गाडी कुठपर्यंत जाते, तिथून दारापर्यंत जमीन कशी आहे, फरशी की मोकळी खडी? दारात उंबरठा आहे का, किती उंच? जोत्याला पायऱ्या किती, बाजूला उतार आहे का? उतार असेल तर किती तीव्र? साधा हिशेब असा की एक फूट उंची चढायला निदान बारा फूट लांबीचा उतार लागतो. १५ सेंटिमीटरची एक पायरी म्हणजे १.८ मीटरची फळी. दोन फुटी फळी टाकून 'रॅम्प आहे' म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतः खुर्चीत बसून त्यावरून उतरून पाहावं. दाराची रुंदी मोजा. साध्या खुर्चीची रुंदी साठ-पासष्ट सेंटिमीटर असते, वर चाकावर ठेवलेल्या हातांची बोटं असतात. खुर्ची जागच्या जागी वळवायला सुमारे दीड मीटरचं मोकळं वर्तुळ लागतं. दोन काचेच्या पेट्यांमध्ये तेवढी जागा कुठे आहे ते बघून ठेवा. बसायला बाक कुठे आहे हेही. कुबड्यांवर चालणाऱ्या माणसाला दर थोड्या वेळाने टेकायला मिळालं तर तो अख्खं संग्रहालय पाहू शकतो. नाही मिळालं तर तो पहिल्याच दालनात दमतो, आणि मग सगळ्यांना वाटतं की याला रस नाही.

घर अठराव्या शतकातलं आणि दोन मजली. अशा वारसा वास्तूत उद्या भिंत फोडून लिफ्ट बसवा, असं मी कोणाला सांगणार नाही. जुन्या वास्तूला धक्का न लावता काय करता येतं, त्याचा विचार संग्रहालयाने करायचा. पण वरचा मजला ज्याला गाठता येत नाही त्याच्यासाठी तुम्ही काय करणार, हे तुमच्या हातात आहे. संग्रहालयाची परवानगी घेऊन वरच्या दालनांची नीट छायाचित्रं काढा, प्रत्येकाखाली दोन-चार ओळी मराठीत लिहा, ती टॅबवर घाला. बाकीची मंडळी वर असताना मार्गदर्शकाने खाली बसून तेवढा वेळ त्या प्रवाशासोबत ती पाहावीत आणि प्रश्नांची उत्तरं द्यावीत. हे वर जाण्यासारखं नाही, मला माहीत आहे. पण बसमध्ये एसी लावून बसवण्यापेक्षा ते शंभर पटीने सन्मानाचं आहे. एक मात्र करू नका: चार जणांनी मिळून खुर्चीसकट उचलून जिना चढवणं. प्रेमापोटी आपल्याकडे हे सहज केलं जातं. त्यात माणूस पडतो, उचलणाऱ्याची पाठ जाते, आणि उचलला जाणारा माणूस हसत असला तरी जीव मुठीत धरून असतो.

पायांविषयी इतकं लिहिलं, कारण ते माझं दुखणं आहे. पण दिव्यांग म्हणजे फक्त चाकाची खुर्ची नव्हे. माझ्या ओळखीचा एक दृष्टिहीन तरुण म्हणतो, "मला संग्रहालयात नेतात आणि काचेसमोर उभं करतात. काच मला सगळीकडे सारखीच लागते." त्याच्यासाठी आधी विचारून ठेवता येतं की एखादी प्रतिकृती, एखादी कमी नाजूक वस्तू हाताळायला मिळेल का. मूळ वस्तूंना परवानगीशिवाय हात लावायचा नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. आणि हात लावता येत नसेल तेव्हा मार्गदर्शकाने वर्णन करायला शिकावं. 'ही पाहा घंटा' म्हणून पुढे जाणं म्हणजे वर्णन नव्हे. घंटेची उंची त्याच्या गुडघ्यापर्यंत येते की कमरेपर्यंत, कड गुळगुळीत आहे की खाल्लेली, अक्षरं आहेत का, समुद्राने धातूचा रंग कसा केला आहे, हे सांगा. माझा अनुभव असा आहे की असं वर्णन सुरू झालं की डोळस माणसंही पुढे सरकायची थांबतात आणि पहिल्यांदा त्या वस्तूकडे खरोखर पाहतात.

ऐकू न येणाऱ्यांसाठी तुमच्याकडे सोपा उपाय आहे, आणि तो कोणी करत नाही. मार्गदर्शक जे बोलणार ते आधी मराठीत लिहून, छापून किंवा फोनवर पाठवून द्या. सांकेतिक भाषा देशागणिक वेगळी असते, त्यामुळे मॉरिशसमधला दुभाषा आपल्याकडच्या कर्णबधिर प्रवाशाला पुरेल असं नाही. असे चार-सहा प्रवासी एकत्र असतील तर दुभाषा इथूनच सोबत न्यावा लागेल. मार्गदर्शकाने बोलताना तोंड गटाकडे ठेवावं, वस्तूकडे वळून भिंतीशी बोलू नये, एवढ्याने ओठ वाचणाऱ्याचं निम्मं काम होतं.

हे सगळं तिथल्या सरकारने करायला हवं, आम्ही का, असं तुमच्या मनात येईल. रास्त प्रश्न आहे. दिव्यांगांच्या हक्कांबाबत संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ साली झाला. त्याच्या ३०व्या कलमात सांस्कृतिक जीवनातल्या सहभागाचा हक्क आहे आणि त्यात संग्रहालयांचं नाव घेऊन उल्लेख आहे. भारताने तो २००७ मध्ये मान्य केला, मॉरिशसने २०१० मध्ये. मात्र मान्यता देताना मॉरिशसने एक निवेदनही जोडलं: इमारतींमध्ये ब्रेल पाट्या लावणं आणि मार्गदर्शक, वाचक, सांकेतिक भाषेचे दुभाषे अशी माणसांची मदत पुरवणं, या दोन गोष्टी खर्चाच्या भारामुळे तूर्त हाती घेता येणार नाहीत. लहान देश आहे, त्यांनी निदान स्पष्ट सांगितलं. पण त्याचा अर्थ तुमच्यासाठी असा की दारात पोहोचल्यावर ब्रेल आणि मदतनीस हजर असतील असं धरून चालता येणार नाही. ती तयारी तुम्ही सोबत न्यायची आहे. आणि तुमच्यासारख्या, वर्षाकाठी कित्येक गट नेणाऱ्या आयोजकांनी संग्रहालयाला लेखी विचारत राहिलं, तर तिथल्या लोकांनाही वरिष्ठांकडे पैसे मागताना आधार मिळेल. एकट्या प्रवाशाच्या पत्रापेक्षा दर हंगामात येणाऱ्या गटांच्या पत्राचं वजन जास्त असतं.

खर्चाचं म्हणाल तर वरच्यापैकी बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. मार्गदर्शकाची टिपणं एकदा लिहिली की सगळ्या गटांना चालतात, मोजमाप एकदा घेतलं की वर्षभर पुरतं. खुर्ची चढवायला उतार किंवा लिफ्ट असलेली गाडी लागली तर तिचा खर्च होईल, तो होणार. पण तो एकट्या त्या प्रवाशाच्या माथी 'विशेष सेवा' म्हणून मारू नका. सहलीत मांसाहारी आणि शाकाहारी जेवणाची वेगळी सोय करता तेव्हा कोणा एकाकडून जादा पैसे घेता का?

आणखी एक विनंती. माहेबूरसाठी वीस मिनिटं ठेवू नका. दीड तास ठेवा. सावकाश चालणाऱ्याला आधी आत सोडा, म्हणजे गट येईपर्यंत तो पहिल्या दालनात स्थिरावलेला असेल, मागे राहिलो म्हणून धापा टाकत येणार नाही. जमलं तर तिथल्या मराठी मंडळींपैकी कोणाला तरी गटासोबत बोलवा. बेटाचा इतिहास त्या घरात उभं राहून तिथल्याच मराठी माणसाच्या तोंडून ऐकायला मिळाला, तर तुमची दुसरी कुठलीही जाहिरात लागणार नाही.

पुढच्या हंगामाची पत्रकं छापायला जाण्यापूर्वी माझं एवढं करा. माहेबूरचं संग्रहालय कार्यक्रमात पक्कं धरा. अर्जातली 'व्हीलचेअर हवी का' ही ओळ काढून तिथे नीट प्रश्न टाका. आणि ज्या ठिकाणी नेणार त्या प्रत्येक ठिकाणाच्या पायऱ्या, उतार, दाराची रुंदी आणि शौचालय यांची माहिती पत्रकातच छापा, कुठे जाता येणार नाही तेही स्पष्ट छापा. जायचं की नाही ते मग आम्ही ठरवू. ज्यांनी ही माहिती तयार केली असेल त्यांनी कृपया जाहीर कळवावं. नोंदणी करायला मी तयार आहे, आणि माझ्यासोबत येणारीही बरीच जण आहेत.

आपली,
कुबड्या घेऊन प्रवास करणारी एक निवृत्त इतिहास शिक्षिका